आधी कोणाकडे जाल?

ब्रॉकटनच्या शुश्रूषागृहात रात्रपाळीला
बारा नंबरच्या खोलीत दिवा जळत असतो.
झेलिन्स्की म्हातारा झोपत नाही.
चाळीस वर्षं त्यानं बुटांच्या कारखान्यात तळवे शिवले,
आता त्याच्याच तळव्यांना जमीन कळत नाही.

माझं पुस्तक त्याच्या मांडीवर,
भिंग त्याच्या हातात.
‘योलेत, प्रश्न एकशे सात.
चार रुग्ण. आधी कोणाकडे जाल?
ज्याला मळमळतंय,
जिला घरी फोन करायचाय,
ज्याला रात्रीची उशी बदलून हवीय,
की जी काल सगळ्यांना ओळखत होती
आणि आज अचानक गोंधळलीय?’

मी त्याच्या पायांत मोजे चढवत असते,
खाली रबरी ठिपके असलेले, घसरू नये म्हणून.
‘चौथी,’ मी म्हणते. ‘अचानक हा शब्द पकडायचा.’
‘आणि बाकीचे तिघं?’
‘थांबतील.’
‘हं,’ तो पान उलटतो,
‘थांबणाऱ्यांवर एकही प्रश्न नाही या पुस्तकात.’

थांबणारे मला माहीत आहेत.
जाकमेलच्या इस्पितळात, व्हरांड्यातल्या बाकावर
आई तीन दिवस थांबली होती,
चपला नीट जोडून बाकाखाली ठेवलेल्या.
तिला नावसुद्धा कुणी विचारलं नाही.

इथे गोळी देण्याआधी विचारायचं:
नाव सांगा. जन्मतारीख सांगा.
खोलीचा नंबर म्हणजे ओळख नव्हे.
हे वाक्य मी पिवळ्या शाईनं रंगवलं
आणि त्या रात्री पुढचं पान वाचलंच नाही.

केळी तळताना पाठ केलं, आधी क्रेओलमध्ये, मग इंग्रजीत:
पलंग सगळ्यात खाली.
चाकांना खिट्टी.
घंटी हाताशी, चष्मा हाताशी, पाणी हाताशी.
धाकटा सिडनी टाळ्या वाजवायचा प्रत्येक ‘हाताशी’ला.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे
आवाज आला. फार मोठा नाही,
ओल्या घोंगडीसारखा.
पलंग खाली होता. चाकांना खिट्टी होती.
घंटी उशीजवळ, जिथे मी ठेवली होती तिथेच.
आणि तो जमिनीवर, पुस्तक छातीशी धरून.

माझे हात त्याच्या काखांकडे धावले.
मी त्यांना आवरलं.
उठवायचं नाही, आधी बघायचं.
उजवा पाय आखूड दिसत होता, बाहेर वळलेला.
हाक मारून नर्सला बोलावलं
आणि त्याच्या तोंडाजवळ खाली बसले,
श्वास मोजत.

‘घंटी का नाही वाजवली?’
‘तू कुणाकडे तरी आधी गेली असशील म्हटलं.’
मग, दातांवर दात दाबून:
‘मार्क सांग, योलेत. बरोबर चाललंय का तुझं?’

रुग्णवाहिकेनं नेलं त्याला.
चादर मीच काढली.

मे महिन्यात परीक्षा. कानातलीसुद्धा
लॉकरमध्ये ठेवून घेतली त्यांनी.
कितवा प्रश्न होता आठवत नाही:
रुग्ण जमिनीवर आढळतो. सर्वप्रथम काय कराल?
त्या रुग्णाला नाव नव्हतं.
मी दिलं, मनात,
आणि मग बटण दाबलं.
पंच्याऐंशीनंतर पडदा काळा झाला.
पास की नापास, यंत्र बोललं नाही.

बसथांब्यावर पुस्तक उघडलं, सवयीनं.
एकशे सातच्या चार पर्यायांखाली
पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरांत, पाचवा:
जाता जाता बाकीच्यांना सांगावं, आलेच.

तेच दाखवायला उठला असेल का तो?
विचारणार कोणाला.

बारा नंबरमध्ये आता ओदेत तावारेस आहेत.
जन्मतारीख सांगताना महिन्यापाशी अडखळतात,
पोर्तुगीज महिने बोटांवर मोजतात,
मी गोळीची वाटी धरून उभी.
नवात दिवा लागतो. चौदात दिवा लागतो.
मी दारातून मान बाहेर काढते
आणि रिकाम्या कॉरिडॉरला मोठ्यानं सांगते,
आलेच.